लठ्ठ उंदराची भूक : मेंदू, आतडं आणि हार्मोन्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत मी 'भूक' या विषयावर तासभर बोलले होते. क्लबहाऊसमध्ये तीस-चाळीस माणसं, बाहेर धो धो पाऊस आणि मागच्या खोलीत कांदाभजीचा घाणा. अर्धं लक्ष भज्यांकडे असूनही लोकांनी प्रश्न भरपूर विचारले, आणि ते अजून येतात. लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर. तेच तेच उत्तर दहादा देण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं.

मी डॉक्टर नाही. लग्नाआधी चार वर्षं नवी मुंबईतल्या एका संस्थेच्या प्राणीगृहात उंदरांवर काम केलं, आता ठाण्यात ज्युनियर कॉलेजला बायॉलॉजी शिकवते. औषधाचा सल्ला माझ्याकडून घेऊ नका. उंदरांबद्दल मात्र काय हवं ते विचारा.

प्रश्न : मॅडम, लठ्ठपणा माणसांचा आणि प्रयोग उंदरांवर, असं का?

कारण भुकेची यंत्रणा दोघांची बरीचशी एकच आहे. लेप्टिन, घ्रेलिन, जीएलपी-१ ही नावं तुम्ही आता बातम्यांत वाचता. ही सगळी हार्मोन्स उंदरातही असतात आणि मेंदूच्या त्याच भागाशी बोलतात. उंदीर सहा-आठ आठवड्यांत वयात येतो, त्याचं एखादं जनुक काढून टाकता येतं, आणि त्याने काल किती ग्रॅम खाल्लं हे वजनकाट्यावर कळतं. माणसाला विचारलं तर तो "दोनच पोळ्या खाल्ल्या" म्हणतो. वर तूप किती होतं ते सांगत नाही.

एक भाषेची अडचण आधीच सांगते. इंग्रजीत माऊस वेगळा आणि रॅट वेगळा. आपण दोघांनाही उंदीरच म्हणतो, फार मोठा असला तर घूस म्हणतो, पण घूस हा तिसराच प्राणी. प्रयोगशाळेतला माऊस पंचवीस-तीस ग्रॅमचा, रॅट त्याच्या दहापट. या पानावर 'उंदीर' म्हणजे माऊस. रॅट असेल तिथे तसं लिहिलं आहे, कारण दोघांची उत्तरं काही वेळा वेगळी येतात.

प्रश्न : 'लठ्ठ उंदीर' म्हणजे जास्त खायला घालून जाडा केलेला उंदीर ना?

नेहमी नाही, आणि या पानावरची सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. लठ्ठ उंदीर एका प्रकारचा नसतो. बातमीत 'लठ्ठ उंदरांचं वजन घटलं' असं आलं की पहिला प्रश्न विचारायचा : कुठला उंदीर?

एक असतो जन्मजात लठ्ठ. १९४९ मध्ये अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर गावी, जॅक्सन लॅबोरेटरीत, उंदरांच्या एका वाणात अचानक असं पिल्लू निघालं. त्या वाणाला 'ओबी' म्हणतात. १९६६ मध्ये तिथेच दुसरा सापडला, लठ्ठ आणि शिवाय मधुमेही, तो 'डीबी'. पिवळ्या केसांचा एक लठ्ठ उंदीर त्याहून जुना. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत जन्मजात लठ्ठ रॅटचा स्वतःचा वाण आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

दुसरा असतो खाद्याने लठ्ठ झालेला. त्याची जनुकं ठणठणीत. त्याला असं खाद्य देतात की साठ टक्के कॅलरी चरबीतून येतात. आमच्याकडे त्या खाद्याच्या निळ्या कांड्या यायच्या. हातात धरली की बोटं तुपकट होत, आणि खवट होऊ नये म्हणून ती पाकिटं फ्रीजमध्ये ठेवावी लागत. हा उंदीर आठ-दहा आठवड्यांत चांगला गुबगुबीत होतो. बहुतेक माणसांच्या जवळचा उंदीर हा.

ओबी उंदीर मी पहिल्यांदा हातात घेतला तो दिवस आठवतो. साधा उंदीर शेपटीला धरून उचलला की गर्रकन वळून चावायला बघतो. हा पोट पसरून बसलेला, दोन्ही हातांची ओंजळ करून उचलावा लागला. मऊ, कोमट, कणकेच्या गोळ्यासारखा. साध्याच्या दुप्पट तर सहज, वय वाढेल तसा तिपटीपर्यंतही जातो. पिंजऱ्यात परत ठेवला तर फिरला नाही, हुंगलं नाही, सरळ खाद्याच्या जाळीखाली जाऊन बसला. आमचे प्राणीगृहातले काका म्हणाले, "ह्याला हावरट म्हणू नका, ताई. ह्याला कळतच नाही जेवलोय ते." काका सातवी शिकलेले. जे त्यांनी एका वाक्यात सांगितलं ते सिद्ध व्हायला विज्ञानाला पंचेचाळीस वर्षं लागली होती.

प्रश्न : ती पंचेचाळीस वर्षं कशी गेली?

बार हार्बरला डग्लस कोलमन नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी साठच्या दशकाच्या शेवटी आणि सत्तरच्या सुरुवातीला एक प्रयोग केला, जो आज ऐकायला क्रूर वाटतो. दोन उंदरांच्या कुशी शिवून त्यांना जोडायचं, म्हणजे एकाचं रक्त थोडं थोडं दुसऱ्यात जातं. एकाच्या रक्तात काही संदेश असेल तर तो दुसऱ्याला मिळणार.

लठ्ठ डीबीला साध्या उंदराशी जोडलं. डीबी खात राहिला. साध्याने खाणं सोडलं आणि समोर अन्न असताना उपाशी मेला.

लठ्ठ ओबीला साध्याशी जोडलं. साध्याला काही झालं नाही; ओबी कमी खाऊ लागला आणि त्याचं वजन आवरलं.

मग दोन्ही लठ्ठ एकमेकांना जोडले, डीबी आणि ओबी. डीबी आणखी फुगला, ओबी उपासमारीने गेला.

मुलांना मी हे फळ्यावर काढून देते आणि पाच मिनिटं गप्प बसते. कोणीतरी एखादी मुलगी बरोबर बोलतेच. डीबीच्या रक्तात 'पुरे झालं' सांगणारं काहीतरी भरपूर आहे, पण त्याला स्वतःला ते ऐकू येत नाही. ओबीला ऐकू येतं, पण त्याच्याकडे ते तयारच होत नाही. एक मुका, दुसरा बहिरा. कोलमन यांनी हेच मांडलं. लठ्ठपणा ही सवयीची आणि संयमाची गोष्ट, असं मानणाऱ्या बऱ्याच जणांना ते वीस वर्षं पटलं नाही.

तो पदार्थ नेमका कुठला, हे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीत जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने आठ वर्षं खपून शोधलं आणि डिसेंबर १९९४ मध्ये जाहीर केलं. चरबीच्या पेशीच हे हार्मोन बनवतात. ग्रीकमधला बारीक या अर्थाचा शब्द घेऊन त्याचं नाव ठेवलं लेप्टिन. पुढच्या वर्षी ओबी उंदरांना लेप्टिन टोचलं, त्यांचं खाणं उतरलं आणि वजन झपाझप घटलं. डीबीला टोचून काही झालं नाही. त्याच्यात लेप्टिन ओळखणारा रिसेप्टरच बिघडलेला. कोलमन आणि फ्रीडमन या दोघांना २०१० मध्ये लास्कर हे वैद्यकातलं मानाचं पारितोषिक मिळालं.

प्रश्न : मग लेप्टिनची इंजेक्शनं घेऊन आपण सगळे बारीक का झालो नाही?

कारण आपण बहुतेक जण ओबी उंदीर नाही.

काही माणसं तशी असतात. १९९७ मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांनी पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातली दोन चुलत भावंडं नोंदवली. आठ वर्षांची मुलगी ८६ किलो, दोन वर्षांचा मुलगा २९ किलो. दोघांच्या रक्तात लेप्टिन जवळपास नव्हतं. लेप्टिन सुरू केल्यावर त्या मुलीची भूक माणसात आली. आईबापांना इतकी वर्षं शेजारीपाजारी काय काय बोलले असतील, याची मला आपल्या अनुभवावरून कल्पना येते.

पण साध्या लठ्ठ माणसाच्या रक्तात लेप्टिन कमी नसतं, उलट जास्त असतं. चरबी जास्त तर लेप्टिन जास्त. निळ्या कांड्या खाऊन जाड झालेल्या उंदरातही हेच. संदेश ओरडून सांगितला जातोय आणि मेंदू दाद देत नाही, याला लेप्टिन रेझिस्टन्स म्हणतात. ठाणे स्टेशनच्या पुलावर रोज उभं राहणाऱ्याला अनाउन्समेंट ऐकू येईनाशी होते, तसं काहीसं. कारणं एकाहून जास्त : रक्तातून मेंदूत लेप्टिन पोहोचणं मंदावतं, आणि सतत लेप्टिन असलं की पेशी स्वतःच आतून त्याला लगाम घालते. १९९९ च्या एका चाचणीत लठ्ठ माणसांना लेप्टिनचे मोठे डोस देऊनही सरासरी फार काही उतरलं नाही.

आणखी एक बाजू मला जास्त पटते. लेप्टिनचं मुख्य काम 'पुरे' सांगणं नसावंच. ते घसरलं की 'दुष्काळ आला' असं सांगणं हे खरं काम. १९९६ मध्ये उपाशी उंदरांना बाहेरून लेप्टिन दिलं तेव्हा उपासमारीत शरीरात जे बदल होतात, उदाहरणार्थ थायरॉइड मंदावणं, पिल्लं होण्याची तयारी थांबणं, ते बरेचसे टळले. म्हणून कडक डाएट करणाऱ्याचं लेप्टिन उतरलं की मेंदू दुष्काळ जाहीर करतो आणि भूक वाढते. साठा भरून वाहतोय याची मेंदूला तेवढी फिकीर नाही. ज्या प्राण्याला आज खायला मिळालं पण उद्याची खात्री नाही, त्याचा मेंदू असाच घडणार.

प्रश्न : मेंदूत भूक असते तरी कुठे?

मेंदूच्या बुडाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तिथे भुकेचं केंद्र दाखवणाऱ्यांत एक आपले होते, बाळकृष्ण आनंद. १९५१ मध्ये येल विद्यापीठात ब्रोबेक यांच्यासोबत त्यांनी दाखवलं की हायपोथॅलॅमसच्या कडेचा भाग नष्ट केला तर रॅट खाणंच सोडून देतो. पुढे दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्राचा विभाग त्यांनी उभा केला. आपल्या बारावीच्या पुस्तकांत हे नाव ठळक असायला हवं, असं मला दर वर्षी वाटतं.

आता 'केंद्र' म्हणण्यापेक्षा थोडक्या न्यूरॉन्सची, म्हणजे मेंदूतल्या पेशींची, नावं घेतात. हायपोथॅलॅमसच्या तळाला आर्क्युएट न्यूक्लियस आहे. तिथे दोन टोळ्या राहतात. एजीआरपी न्यूरॉन्स म्हणतात 'खा'. पीओएमसी न्यूरॉन्स म्हणतात 'थांब'. दोघांचा निरोप पुढे एमसी४ नावाच्या रिसेप्टरवर जातो. एक टोळी त्याला चालू करते, दुसरी दाबते. तो रिसेप्टर काढून टाकलेले उंदीर लठ्ठ होतात, हे १९९७ मध्ये दिसलं. पिवळ्या उंदराचं कोडंही इथेच सुटलं. ज्या प्रथिनाने त्याचे केस पिवळे होतात तेच त्याच्या मेंदूत भलत्या ठिकाणी तयार होऊन हा रिसेप्टर दाबून ठेवतं.

एजीआरपी किती जबरदस्त आहेत? २००५ मध्ये प्रौढ उंदरातले हे न्यूरॉन्स मारले तर उंदीर खायचा थांबला. २०११ मध्ये उलट केलं : प्रकाशाने चालू होतील असे न्यूरॉन्स तयार करून डोक्यात बारीक तंतूतून उजेड सोडला. पोट भरलेला उंदीर काही मिनिटांत अधाशासारखा खाऊ लागला. उजेड बंद, खाणं बंद.

त्याहून गमतीचं २०१५ मध्ये कळलं. भुकेल्या उंदराला अन्न नुसतं दिसलं, वास आला, की एजीआरपी न्यूरॉन्स काही सेकंदांत शांत होतात. एक घासही पोटात गेलेला नसतो. अन्न चविष्ट असेल तर जास्त शांत. अन्न काढून घेतलं की पुन्हा कल्ला. मला यावर मामलेदार मिसळीची रांग आठवते. तासभर उभं राहून डोकं फिरलेलं असतं, पोरं कुरकुरत असतात, आणि समोर तर्रीची लाल वाटी आदळली रे आदळली की, पाव मोडायच्या आधीच, सगळ्यांचे चेहरे सैल पडतात. माणसात असंच होतं असं मी म्हणत नाही. पण मेंदू 'किती खाल्लं' हे मोजण्याआधी 'आता मिळणार' याचा हिशोब करतो, हे उंदरात तरी नक्की.

प्रश्न : पोटात कावळे ओरडतात ते घ्रेलिनमुळे का?

अंशतः. घ्रेलिन १९९९ मध्ये जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी रॅटच्या जठरातून शोधलं. जठर रिकामं असताना ते रक्तात वाढतं, जेवलं की उतरतं. भूक वाढवणारं आतड्या-जठराकडचं ठळक हार्मोन हे एकच. बाकीची बहुतेक भूक मारणारी. ते एजीआरपी न्यूरॉन्सना चेतवतं.

कावळ्यांचा आवाज मात्र जठर-आतड्याच्या रिकाम्या आकुंचनांचा, आणि माणसात त्यात मोटिलिन नावाच्या दुसऱ्या हार्मोनचा मोठा हात आहे. उंदरांमध्ये मोटिलिन नाहीच. त्यामुळे कावळ्यांचा सगळा अभ्यास उंदरावर करता येत नाही.

मग घ्रेलिन बंद केलं की काम झालं? तसंच वाटलं होतं. घ्रेलिनचं जनुक काढलेले उंदीर जवळपास नेहमीसारखंच खातात. ओबी उंदरातून घ्रेलिनही काढलं तरी तो लठ्ठच राहिला, फक्त त्याची साखर सुधारली. आणि लठ्ठ माणसांत घ्रेलिन जास्त नसतं, कमी असतं. भुकेचं एक सूत कापलं की दुसरी चार सुतं ताण घेतात. जगायला लागणारी गोष्ट निसर्ग एकाच खिळ्यावर टांगत नाही.

प्रश्न : जेवताना 'बस झालं' कोण सांगतं?

आतडं. चरबी आणि प्रथिनं लहान आतड्याच्या सुरुवातीला पोहोचली की सीसीके नावाचं हार्मोन सुटतं. १९७३ मध्ये रॅटना ते टोचून दाखवलं की त्यांचं एका वेळचं जेवण लहान होतं. सीसीके मुख्यतः व्हेगस या नसेला ढोसतं आणि ती नस मेंदूच्या देठाला खबर देते. पण रोज प्रत्येक जेवणाला सीसीके दिलं तर रॅट लहान लहान जेवणं जास्त वेळा करतो आणि वजन तिथल्या तिथे. आमच्या आजी म्हणायच्या, ताटात कमी वाढलं की पोरं डबे उघडतात.

आतड्याच्या शेवटाकडे एल-पेशी असतात. त्या जीएलपी-१ आणि पीवायवाय ही हार्मोन्स सोडतात. पीवायवायची गोष्ट सांगितलीच पाहिजे. २००२ मध्ये 'नेचर'मध्ये आलं की पीवायवाय दिलं की उंदीर, रॅट आणि माणसंही कमी खातात. सगळीकडे गाजावाजा. २००४ मध्ये त्याच नियतकालिकात अनेक प्रयोगशाळांनी मिळून लिहिलं की आम्हाला उंदीर-रॅटमध्ये हे दिसत नाही. भांडण पेटलं. पुढे एक मोठं कारण पुढे आलं : उंदीर किती सवयीचा आहे. नव्या हाताने धरला, टोचला, की घाबरलेला उंदीर तसाही खात नाही. मग औषधाने आणखी काय कमी होणार?

हे वाचून मला हसू आलं होतं, कारण आमच्याकडे नवी मुलगी रुजू झाली की पहिला आठवडा काका तिला फक्त उंदीर हातात घेऊन बसायला लावत. टोचायचं नाही, मोजायचं नाही. आम्हाला तो वेळ वाया वाटायचा.

प्रश्न : सध्या सगळीकडे चर्चेत असलेली वजनाची इंजेक्शनं म्हणजे हेच जीएलपी-१ का?

त्याची टिकाऊ नक्कल. आपलं स्वतःचं जीएलपी-१ रक्तात दोनेक मिनिटांत मोडतं. डीपीपी-४ नावाचं विकर (एन्झाइम) त्याचे तुकडे करतं. म्हणून ते तसंच औषध म्हणून चालेना. १९९२ मध्ये जॉन एंग यांना अमेरिकेतल्या गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात जीएलपी-१ सारखं काम करणारा पण न मोडणारा पदार्थ सापडला आणि त्यावरून पहिलं औषध २००५ मध्ये आलं. सेमाग्लुटाइड हा या घराण्यातला पुढचा भाऊ. ते आठवडाभर टिकतं म्हणून आठवड्याला एक टोचणी. टिर्झेपॅटाइड जीएलपी-१ सोबत जीआयपी या दुसऱ्या हार्मोनचंही काम करतं. वजनासाठीची ही दोन्ही इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात आली आणि तेव्हापासून आमच्या मॉर्निंग वॉकचे विषय बदलले.

उंदरांनी यात काय शिकवलं? २०१४ मध्ये दिसलं की या घराण्यातल्या लिराग्लुटाइडने वजन उतरतं ते चेतासंस्थेतल्या रिसेप्टरमुळे. तेवढेच रिसेप्टर काढले तर साखर सुधारते पण खाणं कमी होत नाही. म्हणजे इंजेक्शन पोटावर टोचतात आणि ते काम करतं डोक्यात. पण जीएलपी-१चा रिसेप्टर जन्मापासून नसलेला उंदीर लठ्ठ होत नाही, हेही तितकंच खरं. रोजच्या भुकेत या हार्मोनचा वाटा लहान असेल. औषध म्हणून चोवीस तास मोठ्या मात्रेत दिलं की त्याचा प्रताप वेगळा.

मळमळ हा इथे उंदराचा कमकुवत दुवा. उंदीर आणि रॅट दोघांना उलटी करता येत नाही, त्यांच्या शरीरात ती सोयच नाही. मग 'भूक गेली' आणि 'मळमळतंय म्हणून खात नाही' हे वेगळं काढायला चवीचा तिटकारा बसतो का, असे आडवळणाचे प्रयोग करावे लागतात.

औषध थांबवल्यावर? माणसांवरच्या सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत, थांबवल्यावर वर्षभरात गमावलेल्या वजनापैकी सरासरी दोन-तृतीयांश परत आलं. वरचं लेप्टिन आणि दुष्काळाचं उत्तर आठवलं तर यात नवल वाटणार नाही. घ्यायचं की नाही हे तुमचे डॉक्टर ठरवतील, सोसायटीचा ग्रुप नाही.

प्रश्न : मग जीआयपी वाढवलं की वजन उतरतं का?

इथे सगळ्यांचीच फजिती आहे. २००२ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की जीआयपीचा रिसेप्टर नसलेला उंदीर चरबीचं खाद्य खाऊनही लठ्ठ होत नाही. म्हणजे जीआयपी अडवा. आणि टिर्झेपॅटाइड जीआयपीचा रिसेप्टर चालू करून वजन उतरवतं. दोन्ही खरं. भांडण अजून मिटलेलं नाही.

प्रश्न : तेलकट खाण्याने मेंदूच बदलतो, हे खरं?

उंदीर-रॅटमध्ये, हो. २०१२ च्या एका अभ्यासात चरबीचं खाद्य सुरू केल्यावर एक ते तीन दिवसांत हायपोथॅलॅमसमध्ये दाहाची लक्षणं दिसली. वजन वाढायला त्यानंतर आठवडे लागतात. दाह मध्ये ओसरला आणि पुढे कायमचा परतला.

२०२० मध्ये दोन गटांनी एजीआरपी न्यूरॉन्सवर कान ठेवून पाहिलं. निळ्या कांड्यांवर वाढलेल्या उंदराला साधं खाद्य दिलं तर हे न्यूरॉन्स पुरते शांत होईनासे झाले. शिवाय पोटात थेट चरबी सोडली तरी ते पूर्वीइतके गप्प बसत नाहीत, आणि वजन उतरवल्यानंतरही ही बधिरता बराच काळ राहिली. साखर सोडली तर मात्र ते पूर्वीसारखेच शांत होत. म्हणजे सगळी यंत्रणा बिघडलेली नाही, चरबीचा निरोप घेणारी ओळ बोथट झाली.

पण दोन भज्यांनी मेंदू बिघडला असं कोणी घरी सांगू नये. ते उंदीर आठवडेच्या आठवडे दुसरं काही खात नव्हते.

प्रश्न : रात्री उशिरा जेवलं तर जास्त जाड होतो का? आम्ही तर ऑफिसमधून दहाला पोहोचतो.

उंदीर रात्रीचा प्राणी, त्याचं बरंचसं खाणं अंधारात होतं. चरबीचं खाद्य दिलं की तो दिवसाही, म्हणजे त्याच्या झोपेच्या वेळी, तोंड चालवू लागतो. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सॅल्क इन्स्टिट्यूटच्या सच्चिदानंद पांडा यांच्या गटाने उंदरांच्या एका टोळीला ते खाद्य चोवीस तास दिलं आणि दुसरीला तेच फक्त रात्रीच्या आठ तासांत. दोन्ही टोळ्यांनी साधारण तितक्याच कॅलरी खाल्ल्या, पण आठ तासवाले लठ्ठपणापासून बरेच वाचले. माणसात निकाल इतके स्वच्छ नाहीत. आणि लोकलचा टाइमटेबल मी बदलू शकत नाही.

प्रश्न : तुम्ही भाषणात एसीबद्दल काहीतरी म्हणाला होतात, ते राहून गेलं.

आमच्या प्राणीगृहात तापमान बावीस अंशांच्या आसपास ठेवायचे. एका मे महिन्यात शनिवारी रात्री एसी बंद पडला, बॅकअप लागला नाही, आणि सोमवारी सकाळी कळलं. उंदीर जिवंत होते, आम्ही घामाघूम. खाद्य मोजलं तर सगळ्या पिंजऱ्यांत खाणं घसरलेलं, ज्यांना औषध दिलं होतं त्यांचंही आणि ज्यांना नुसतं मिठाचं पाणी दिलं होतं त्यांचंही. सहा आठवड्यांचा प्रयोग केराच्या टोपलीत. मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते.

नंतर कळलं की हा खरं तर धडाच होता. उंदराला आरामाचं तापमान तीस अंशांच्या आसपास. बावीसला तो कुडकुडतो आणि खाल्लेल्यातला मोठा वाटा अंग गरम ठेवण्यात जातो. म्हणून जगभरातले बहुतेक लठ्ठ उंदीर थंडीने गारठलेले लठ्ठ उंदीर आहेत. चरबी जाळून उष्णता बनवायला लावणारं औषध तिथे फार छान दिसतं. कपडे घालून पंख्याखाली बसणारा माणूस मात्र त्या अवस्थेत नसतो.

प्रश्न : मेथीचं पाणी प्यायल्याने लेप्टिन वाढतं का?

वाढवून करायचंय काय? लठ्ठपणात ते वाढलेलंच असतं. आणि लेप्टिनच्या गोळ्या ऑनलाइन मिळतात त्याही घेऊ नका. लेप्टिन हे प्रथिन आहे, जठरात डाळीसारखं पचून जातं. मेथी भाजीत घाला, छान लागते.

प्रश्न : नर उंदीर आणि मादी, काही फरक?

आहे, आणि वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहिला. नेहमीच्या काळ्या प्रयोगशाळेतल्या वाणात चरबीच्या खाद्यावर नर पटापट जाड होतात, माद्या मागे राहतात. प्रयोग सोपा व्हावा म्हणून बऱ्याच जणांनी फक्त नर घेतले. आमच्या प्रकल्पातही तेच केलं होतं.

प्रश्न : मग पेपरात 'उंदरांवर प्रयोग यशस्वी' वाचलं की काय बघायचं?

मी बातमी खालून वर वाचते. उंदीर जन्मजात लठ्ठ होता की खाद्याने? ओबी असेल तर त्याचं यश तुमच्या कामाचं असेलच असं नाही. औषध किती दिवस दिलं. तीन दिवसांत कोणीही कमी खातं. वजन उतरलं ते खाणं कमी झाल्याने की उंदीर आजारी पडल्याने? आणि थांबवल्यावर काय झालं, हे लिहिलंय का? शेवटचा मुद्दा बहुतेकदा गाळलेला असतो.

चांगल्या बातम्याही येतात. २०२४ मध्ये फ्रीडमन यांच्याच गटाने आर्क्युएटमध्ये भूक आवरणारी, आधी नजरेतून सुटलेली न्यूरॉन्सची एक टोळी दाखवली, जी लेप्टिनला झटपट दाद देते. ३० वर्षं त्याच जागी खणून अजून नवं निघतंय.

प्रश्न : आमच्या स्वयंपाकघरात येणारा उंदीर मग लठ्ठ का होत नाही? सगळं तर खातो मेला!

हा प्रश्न तळमजल्यावरच्या काकूंचा. कारण त्याला पिंजरा नाही, निळ्या कांड्या नाहीत, आणि मांजर आहे. एकेका घासासाठी तो पाइपवरून चढतो, दचकतो, पळतो, आणि फार दिवस जगतही नाही. फार जाड झालेला उंदीर आधी मांजरीच्या तोंडी जातो.

काकूंना खरं तर तो घालवायचा होता. पिंजऱ्यात त्या रोज पोळीचा तुकडा लावायच्या आणि रोज सकाळी पोळी तशीच असायची. मी म्हटलं, पोळी नको, भजं लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बेल वाजली. पिंजऱ्यात उंदीर होता, भजं नव्हतं.